नोकरी लागते, पण टिकत का नाही? (बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणांविषयी)

चाफेकळी

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज थेट धागाच काढतेय, सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ २७ वर्षांचा आहे, डाऊन सिंड्रोम आहे. इथे त्याला बंड्या म्हणू. विशेष शाळा झाली, मग तिथल्याच कार्यशाळेत (शाळा संपलेल्या मुलांच्या हाताला काम देतात ती) काही वर्षं गेली, आणि मागच्या वर्षीपासून तो पुण्यातल्या एका मोठ्या किराणा दुकानात कामाला होता. पिशव्यांवर लेबल चिकटवायची, रॅकवर मागे गेलेला माल पुढे ओढायचा, रिकामे खोके दाबून बांधायचे. काम जमत होतं, आणि हे बहिणीचं कौतुक नाही, तिथल्या मॅनेजरांनीच सांगितलं होतं. ते मॅनेजर बदलून गेले. नवीन आले त्यांनी महिन्याभरात बाबांना फोन केला, "काका, सोमवारपासून पाठवू नका. गिऱ्हाइकांच्या तक्रारी आहेत आणि गर्दीच्या वेळी त्याच्याकडे बघायला आमच्याकडे माणूस नाही." तक्रार नेमकी काय, ते सांगितलं नाही. नियुक्तीपत्र वगैरे काही नव्हतंच, त्यामुळे काढल्याचंही पत्र नाही.

धीर देणारे नातेवाईक भरपूर आहेत, इथे मला अनुभव हवेत. तुमच्या घरात किंवा ओळखीत असं कोणी नोकरी करतंय का? टिकली असेल तर कशामुळे टिकली? कायद्याचा खासगी दुकानावर काही जोर चालतो का? का गपचूप परत कार्यशाळेत घालावं? आई म्हणते तेच बरं. बाबा गप्प आहेत.

मिठाचा_खडा

वाचतोय. धागा भरकटू नये ही प्रार्थना, पण इथली मंडळी बघता देवालाही अवघड आहे.

पाटीपेन्सिल

विशेष शिक्षिका आहे, बरीच वर्षं अठरा वर्षांवरच्या मुलांच्या गटावर काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या भावाची नोकरी त्या जुन्या मॅनेजरच्या चांगुलपणावर उभी होती. आमच्याकडच्या बहुतेक नोकऱ्या अशाच लागतात. कोणाचा तरी मामा, रोटरीतली ओळख, मालकाच्या स्वतःच्या घरात असं मूल. तो माणूस गेला की नोकरी गेली. मुलाचं काम बिघडलं म्हणून काढलंय असं मी फार कमी वेळा पाहिलंय.

टिकते कुठे? जिथे पहिले काही आठवडे शाळेचं माणूस सोबत जातं. याला जॉब कोच म्हणतात. आपल्याकडे ही वेगळी पोस्ट सहसा नसतेच, आमच्यापैकीच कोणीतरी जातं. पूर्वी पद्धत होती आधी शिकवा, तयार झाला की नोकरीला लावा. त्यात मुलं पस्तिशीपर्यंत 'तयार' होत राहायची. आता उलट करतात. आधी जागा शोधायची आणि तिथेच, त्याच टेबलावर, त्याच माणसांत शिकवायचं. कारण आमच्या मुलांना एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी लावणं जड जातं. कार्यशाळेत लादी लख्ख पुसणारी मुलगी हॉटेलात मॉपचा दांडा वेगळा दिसला तरी अडते.

एक उदाहरण देते. एका मुलाला दहाच्या पुढे मोजता येत नव्हतं आणि काम होतं २४ बाटल्यांचा खोका भरायचं. आम्ही पुठ्ठ्याची चौकट केली, अंड्यांच्या ट्रेसारखी, २४ खाचांची. खाच रिकामी दिसली की बाटली ठेवायची, सगळ्या भरल्या की चौकट वर उचलायची आणि खोका बंद. मोजायचा प्रश्नच मिटला. अशा चौकटीला जिग म्हणतात. गंमत म्हणजे पुढच्या महिन्यात शेजारच्या टेबलावरच्या बायकांनीही ती चौकट मागून घेतली, कारण त्यांच्याही मोजण्यात चुका होत होत्या.

दुसरी गोष्ट, कोचने हळूहळू मागे सरकायचं असतं. आधी शेजारी, मग दारात, मग आठवड्यातून एकदा. आणि निघताना तिथल्याच एका माणसाच्या हाती सोपवायचं. तो माणूस मॅनेजर नसावा, मॅनेजर बदलतात. जुना हमाल, भांडारवाल्या मावशी, असं कोणीतरी हवं. तुमच्याकडे असं कोणी होतं का?

आगाऊ_कार्टा

पाटीपेन्सिल, प्रतिसाद फार आवडला. ती २४ खाचांची चौकट आमच्या ऑफिसच्या कँटीनला पाठवा. तिथे सहा इडल्या सांगितल्या की पाच येतात, आणि सगळे इंजिनियर आहेत.

वकीलीण_बाई

कायद्याचं विचारलंय म्हणून लिहिते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के राखीव. १९९५च्या जुन्या कायद्यात ३ टक्के होते आणि त्यात अंधत्व, कर्णबधिरता आणि अस्थिव्यंग एवढेच गट होते, बौद्धिक अक्षमता नव्हतीच. आता चौथा १ टक्का आला, पण तो स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून. परीक्षा सगळ्यांना तीच. त्या रांगेत बंड्यासारख्याचा नंबर कधी लागायचा, ते तुम्हीच ठरवा.

खासगी आस्थापनांवर आरक्षणाची सक्ती नाही. कलम ३५ म्हणतं, की एकूण मनुष्यबळात किमान ५ टक्के दिव्यांग असावेत म्हणून सरकारने मालकांना प्रोत्साहन द्यावं. 'द्यावं'. मात्र कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायला हवं, आणि २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर दिव्यांगांना योग्य पदं कोणती, सोयी काय, संपर्क अधिकारी कोण, हे त्यात लिहायला हवं. दुकान मोठ्या साखळीतलं असेल तर हे धोरण लेखी मागा. दाव्याची भाषा न करता नुसतं मागितलं तरी बऱ्याचदा फोनवरचा सूर बदलतो. नाहीच जमलं तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, कार्यालय पुण्यातच आहे.

आणि नियुक्तीपत्र नाही हे फार वाईट. पगार कसा यायचा?

चाफेकळी

पगार रोख, पाकिटात. बँकेत खातं उघडायला गेलो होतो. तिथे म्हणाले, सही सारखी येत नाही, पालकत्वाचा कागद आणा. बाबा म्हणाले, अहो, मी बापच आहे. ते म्हणाले, तो अठरा वर्षांपुढचा आहे.

@पाटीपेन्सिल, असे एक काका होते, माल उतरवून घेणारे. बंड्या त्यांना 'सर' म्हणायचा आणि मॅनेजरला काका.

आगाऊ_कार्टा

बंड्याला ऑफिसचं राजकारण पक्कं कळतं.

पाटीपेन्सिल

पालकत्वाचं सगळ्यांनीच करून ठेवा. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, ती कायदेशीर पालक नेमते. मूल सज्ञान झालं की आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे निम्म्या घरांना बँकेच्या खिडकीवरच कळतं. बँकांनी हे प्रमाणपत्र मानायचं असतं. युनिक कार्ड (यूडीआयडी, दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलंय ना?

लेथ_मास्तर

माझं भोसरीत छोटं युनिट आहे. गॅस्केट आणि रबर वॉशरची पाकिटं भरायला दोन मुलं ठेवलीत, दोघंही कार्यशाळेतून आलेली. त्यामुळे मालकाच्या बाजूचंही कोणीतरी लिहायला पाहिजे.

पहिल्यांदा स्पष्ट सांगतो, दया म्हणून ठेवलं असतं तर पहिल्या मंदीत काढलं असतं. पाकिटं भरायला माणूस टिकत नव्हता. पोरं दोन महिन्यांत कंटाळून डिलिव्हरीच्या गाडीवर जायची. ही दोघं कंटाळत नाहीत, असं मला वाटायचं. खरं तर कंटाळतात, पण बोलत नाहीत, मग एक जण पाकिटं उलटी रचायला लागतो. तेव्हा काम बदलून द्यायचं. हे समजेपर्यंत माझा एक लॉट परत आला होता.

त्रास आहेत का? आहेत. पाच म्हणजे पाच. हातातलं पाकीट अर्धं टाकून दोघं निघतात. प्रेस मशिनच्या बाजूला त्यांना जाऊ देत नाही, जमिनीवर पिवळी पट्टी मारून ठेवली आहे. ती ते पाळतात, बाकीचेच पाळत नाहीत. आणि सगळ्यात मोठा त्रास त्यांचा नाही, इतरांचा आहे. एकाने यातल्या एकाकडून दर पगाराला शंभर-दोनशे 'उसने' घ्यायला सुरुवात केली होती. आईने पाकीट मोजलं म्हणून कळलं. त्या माणसाला मी काढला. मुलाला वाटलं आपल्यामुळे गेला, आठवडाभर रडत होता.

चाफेकळी ताई, तो नवीन मॅनेजर राक्षस नसेल. त्याच्या डोक्यावर टार्गेट असणार. त्याला 'याला सांभाळून घ्या' म्हणू नका. याने कोणतं काम उचललं की तुमच्या दुसऱ्या माणसाचे किती तास वाचतात, ते सांगा.

मिठाचा_खडा

पाच म्हणजे पाच? मास्तर, त्यांना सरकारी नोकरीत घाला, उगाच भोसरीत वाया चाललेत.

एक_आई

सगळ्यांचं वाचलं. जरा वेगळं लिहिणार आहे, रागावू नका.

माझी मुलगी तिशीची आहे. तिला एका ठिकाणी कामाला लावलं होतं. कामाचा त्रास नव्हता. येता-जाता एक जण बोलायचा, चॉकलेट द्यायचा, मग मोबाईलवर काहीतरी दाखवायला लागला. तिला ते वाईट आहे हे कळलं नाही, तिला मित्र मिळाला होता. पुढे काही होण्याआधी लक्षात आलं, हे नशीब. त्या दिवसापासून ती कार्यशाळेत जाते. पणत्या रंगवते, उटण्याची पाकिटं भरते, मैत्रिणी आहेत, नाच आहे, सहल आहे. विद्यावेतन मिळतं ते रिक्षाला पुरत नाही. पण मी रात्री झोपते.

मला दर वेळी ऐकवतात, की कार्यशाळा म्हणजे कोंडून ठेवणं. ज्यांना मुलगी आहे त्यांनी सांगावं. प्रत्येकाने नोकरी केलीच पाहिजे असं कोणी ठरवलं? आपल्या इतर मुलांपैकी किती जण नोकरीत सुखी आहेत?

कोल्हापुरी_ठेचा

एक_आई, अनुमोदन. आमच्या कोल्हापुरात 'चेतना'ची मुलं राख्या, पणत्या, आकाशकंदील करतात. दिवाळीला त्यांच्याकडूनच आणतो, माल एक नंबर असतो, कीव करून घ्यावा लागत नाही. नाशिकची 'प्रबोधिनी', पुण्यातली 'कामायनी', मुंबईचं 'जय वकील' (१९४४ पासून आहे ते!), या सगळ्यांच्या कार्यशाळा बंद करून मुलांना मॉलमध्ये उभं करा म्हणणाऱ्यांनी आधी मॉलमध्ये स्वतः आठ तास उभं राहून दाखवावं.

अवांतर: आकाशकंदिलाची ऑर्डर गणपतीतच द्या. नवरात्रात गेलात तर मिळत नाही, उगाच तोंड पाडून परत यावं लागतं.

पाटीपेन्सिल

कार्यशाळा बंद करा असं मी म्हटलेलं नाही हो. एक_आईंचा मुद्दा खरा आहे, आणि मुलांच्या बाबतीतही खरा आहे, फक्त मुलांचं घरी कळत नाही. पण त्यावरचा इलाज घरी बसवणं हा नाही. चांगला स्पर्श-वाईट स्पर्श आपण त्यांना सात वर्षांचं असताना शिकवतो आणि तिथेच थांबतो. तिशीच्या बाईला तिशीच्या बाईसारखं शिकवावं लागतं, चित्रं काढून, नाटक करून, पुन्हा पुन्हा. मोबाईलवर कोणी काही दाखवलं तर काय करायचं, हा आमच्या वर्गातला धडा आहे.

दुसरं म्हणजे कार्यशाळेत पणत्यांचा हंगाम संपला की पौष ते आषाढ करायला काय असतं, ते एकदा येऊन बघा. मणी ओवायचे आणि संध्याकाळी सोडून ठेवायचे, उद्या परत ओवायला. सगळीकडे असं नाही, पण आहे.

ठाणेकर

मला ते कॅफे प्रकरण फारसं पटत नाही. सगळीकडे आता 'स्पेशल मुलांनी चालवलेला कॅफे'. लोक जातात, फोटो काढतात, टाकतात आणि विसरतात. हे रोजगार कमी आणि प्रदर्शन जास्त वाटतं.

सांदण

ठाणेकर, गेला आहात का कधी? मी जुहूच्या कॅफे अर्पणमध्ये (यश चॅरिटेबल ट्रस्टचा, २०१८ला सुरू झाला) बऱ्याचदा गेले आहे. पहिल्यांदा मीही फोटो काढला, खरं आहे. नंतर मात्र सँडविच चांगलं मिळतं म्हणून जायला लागले. एकदा मी ऑर्डर बदलायचा प्रयत्न केला तर तिथल्या मुलीने शांतपणे सांगितलं, "आधी दिलेली आत गेली." माझ्या मुलीला मी हे इतकं ठाम कधी सांगू शकलेले नाही.

मिट्टी कॅफेची शाखा नोव्हेंबर २०२३ मध्ये थेट सुप्रीम कोर्टाच्या आवारात उघडली. लेमन ट्री हॉटेलवाले डाऊन सिंड्रोम असलेल्यांना रेस्टॉरंटमध्ये घेतात. मुंबईत 'ओम क्रिएशन्स' कित्येक वर्षं मुलींकडून खाद्यपदार्थ आणि हस्तकला करून घेतंय. हे सगळं प्रदर्शन म्हणून सोडून द्यायचं?

ठाणेकर

सोडून द्या म्हणत नाही. पण ही सगळी 'त्यांच्यासाठी' काढलेली ठिकाणं आहेत. चाफेकळींचा भाऊ साध्या किराणा दुकानात होता, ते मला जास्त मोठं वाटतं. तिथे कोणी टाळ्या वाजवत नव्हतं.

सांदण

हे मात्र पटलं.

गोंयकार

आमच्या पणजीत जानेवारी २०२३ला पर्पल फेस्ट सुरू झाला, दिव्यांगांचा मोठा उत्सव. स्टॉल, खेळ, गाणी, सगळं छान. माझा पुतण्या गेला होता, गळ्यात ओळखपत्र घालून स्वयंसेवक म्हणून. उत्सव संपला तरी ते गळ्यातून काढेना, घरात घालून फिरायचा. शेवटी वहिनीने ओळखीच्या बेकरीत सकाळी पाव मोजायला लावला. आता ते ओळखपत्र घालून बेकरीत जातो. मालकाला चालतं.

एचआरवाली

मोठ्या कंपन्यांची आतली गोष्ट सांगते. दिव्यांगांना घ्यायचं ठरतं तेव्हा यादीत आधी अस्थिव्यंग, मग कर्णबधिर, मग अंशतः दृष्टिहीन. बौद्धिक अक्षमता शेवटी, आणि तीही बहुतेक सीएसआरच्या (कंपनीच्या समाजकार्याच्या) खात्यात जाते, एचआरच्या (कर्मचारी विभागाच्या) नाही. सीएसआरमध्ये गेलं की तो 'उपक्रम' होतो, त्याचा अहवाल निघतो, वर्ष संपतं. एचआरमध्ये आलं तर तो कर्मचारी होतो, त्याचा पीएफ कापला जातो.

म्हणून कोणालाही माझा सल्ला: पगारपत्रकावर नाव आहे का, हे पहिल्या दिवशी विचारा. 'ट्रेनी' म्हणून वर्षानुवर्षं ठेवलेली मुलं मी पाहिली आहेत. पुण्याच्या बऱ्याच जागांवर हाउसकीपिंग तर ठेकेदाराकडे असतं, म्हणजे मूल कंपनीत दिसतं आणि असतं ठेकेदाराचं. ठेका बदलला की संपलं. ईएसआयसाठी (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्यासाठी) इतरांना पगाराची मर्यादा २१ हजार असते, दिव्यांगांना २५ हजार. हे पगार करणाऱ्या क्लार्कलाही माहीत नसतं.

सातासमुद्रापार

न्यू जर्सीहून. इकडे सगळं आलबेल आहे असं समजू नका. शाळा कायद्याने २१ वर्षांपर्यंत सांभाळते, त्यानंतर घरात बसलेली मुलं पुष्कळ. जॉब कोचचे पैसे सरकारी विभाग देतो हे मात्र खरं, आणि त्याने फरक पडतो. आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा ग्रोसरी स्टोअरमध्ये पिशव्या भरतो. अंडी वर, दूध खाली, आजतागायत चूक नाही.

पण १९३८च्या मजुरी कायद्यात एक कलम आहे, १४ (सी), त्यात परवाना घेऊन दिव्यांगांना किमान वेतनापेक्षा कमी देता येतं. बऱ्याच राज्यांनी ते बंद केलं, सगळीकडून अजून गेलेलं नाही. आणि सरकारी भत्ता चालू राहायला खात्यात २,००० डॉलरच्या वर शिल्लक चालत नाही. म्हणजे मुलगा मनापासून काम करतो आणि आईबाप त्याचे पैसे वाढू नयेत म्हणून धडपडतात. आता त्यासाठी वेगळी खाती निघालीत, पण भीती गेलेली नाही.

वकीलीण_बाई

आपल्याकडेही १९४८च्या किमान वेतन कायद्यात कलम २६ होतं, सरकारला वाटलं तर दिव्यांग कामगारांना त्या कायद्यातून वगळता येईल असं. त्यामुळे अमेरिकेला नावं ठेवायला नकोत.

निवृत्त_नारायण

सातासमुद्रापार यांनी बरोबर दुखत्या जागी बोट ठेवलं. चाफेकळी, तुमचे बाबा गप्प का आहेत, ते मी सांगू का? ते केंद्र सरकारी सेवेतून निवृत्त आहेत का?

चाफेकळी

हो! तुम्हाला कसं कळलं?

निवृत्त_नारायण

कारण मीही असाच गप्प होतो. आमच्या पिढीतल्या नोकरदार बापांच्या डोक्यात एकच हिशेब असतो. माझ्यामागे, हिच्यामागे, याला कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल, जन्मभर. दिव्यांग अपत्याला ते मिळतं, पण अट आहे की त्याला स्वतःचं पोट भरता येत नसावं. आता मुलगा दुकानात कामाला लागला, पगारपत्रकावर नाव आलं, पीएफ कापला गेला, तर उद्या कोणी बाबू म्हणेल, हा तर कमावतो! चार हजारांच्या नोकरीपायी जन्माची पेन्शन घालवायची का? म्हणून रोख पाकीट बरं, नियुक्तीपत्र नको. हे कोणी बोलत नाही, पण असतं.

केंद्राने ८ फेब्रुवारी २०२१ला हे बरंच सैल केलं आहे. आता दिव्यांग अपत्याचं इतर उत्पन्न त्याला देय असलेल्या साध्या दराच्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा, म्हणजे शेवटच्या पगाराच्या ३० टक्के अधिक महागाई मदत, यापेक्षा कमी असेल तर पेन्शन जन्मभर मिळते. आधी ही मर्यादा ९ हजार अधिक महागाई मदत एवढीच होती. साध्या नोकरीचा पगार नवीन मर्यादेच्या खाली बसायला हरकत नाही. बाबांना स्वतःचा आकडा काढायला सांगा. आणि मुलाचं नाव व अपंगत्वाचं प्रमाणपत्र हयातीतच पेन्शनच्या कागदांत नोंदवून ठेवायला सांगा, मागे राहणाऱ्यांना धावपळ होत नाही.

राज्य सरकारी, बँक, खासगी, यांचे नियम आपापले बघा. आणि ज्यांना पेन्शनच नाही, त्यांची गोष्ट वेगळीच. संजय गांधी निराधार योजनेला दिव्यांगाच्या कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ५० हजारांच्या आत लागतं. मुलगा महिन्याला पाच हजार जरी मिळवायला लागला तरी ते ओलांडलं. गरीब घरात मुलाला कामाला पाठवत नाहीत, याला नेहमी आळस किंवा लाज कारण नसतं.

लेथ_मास्तर

नारायणराव, हे मला आजच कळलं. माझ्याकडचा एक जण पगारपत्रकावर यायला तयार नाही, वडील टाळाटाळ करतात. मला वाटायचं त्यांना माझ्यावर विश्वास नाही.

मुंगी_पावली

एक विचारू? एवढे प्रतिसाद झाले. बंड्याला विचारलंत का त्याला काय करायचंय?

चाफेकळी

मुंगी_पावली, विचारलं. आई म्हणाली, उद्यापासून परत कार्यशाळेत जाऊ या, तिथे तुझे मित्र आहेत. तो म्हणाला, "शाळेत परत? मी नापास झालो का?"

त्याच्या दृष्टीने कार्यशाळा शाळेच्याच इमारतीत, म्हणजे शाळा. दुकान म्हणजे मोठ्यांचं. शनिवारी माल उतरवला की सगळे मिळून वडापाव खायचे, पैसे पाळीपाळीने. त्याची पाळी आली की तो आदल्या रात्रीच पैसे खिशात घालून झोपायचा. पगारापेक्षा ती पाळी महत्त्वाची होती.

एक_आई

हे वाचून गप्प झाले. माझ्या मुलीला मी विचारलेलं नाही. विचारून बघते. उत्तर आवडलं नाही तर परत येऊन भांडेन.

ठाणेकर

अवांतर, तो दुकानात जायचा कसा? एकटा?

चाफेकळी

पीएमपीने, एकटा. बाबांनी त्याला बसचा नंबर नाही, थांब्याजवळचं औषधाचं दुकान शिकवलं होतं. मेट्रोच्या कामात थांबा पुढे सरकला आणि हा त्या दुकानासमोर उभा. बसेस पुढे जातायत, हा हात करतोय. शेवटी औषधवाल्यांनी बाबांना फोन केला.

आगाऊ_कार्टा

पुण्यात थांब्यावर उभं राहूनही बस थांबत नाही, यात बंड्याचा काय दोष?

मिठाचा_खडा

झालं, पीएमपी आली. आता धागा संपला.

पाटीपेन्सिल

संपू द्यायचा नाही. चाफेकळी, ती गिऱ्हाइकाची तक्रार काय होती, कळलं का? ते कळल्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नाही.

चाफेकळी

कळलं! त्या माल उतरवणाऱ्या काकांना बाबांनी फोन केला. ऐका.

रॅकवर जुना माल पुढे आणि नवीन मागे लावायचा, ही शिस्त बंड्याला पक्की शिकवलेली. एक बाई बिस्किटांचा पुडा घेत होत्या. याने त्यांना सांगितलं, "काकू, पुढचा जुना आहे. नवीन मागे ठेवलाय." मग त्या बाईंनी मागचा घेतला, आणि काउंटरवर जाऊन विचारलं, की तुम्ही जुना माल पुढे का ठेवता? असं दोन-तीनदा झालं. बस. ही तक्रार.

आगाऊ_कार्टा

याला पगारवाढ द्या. नाहीतर ग्राहक मंचावर घ्या.

लेथ_मास्तर

हसून पुरेवाट झाली. पण बघा, उपाय दोन मिनिटांचा आहे. 'गिऱ्हाइकाने विचारलं तर ताईंना बोलव', एवढं एक वाक्य शिकवायचं. नाहीतर सकाळी दुकान उघडायच्या आधीची पाळी द्यायची, तेव्हा रॅक लावायला तसाही माणूस लागतोच. दुकानाचाच फायदा.

एचआरवाली

मास्तरांची सकाळच्या पाळीची कल्पना उत्तम. मीटिंगला जाल तेव्हा हीच मागणी ठेवा. आणि दुकानाच्या मॅनेजरकडे जाऊ नका, त्याच्या वरच्याला मेल करा, मॅनेजरला प्रत ठेवा. मेलमध्ये 'विनंती' एकदाच लिहा. कामांची यादी, वेळ, पगारपत्रकावर नाव, समान संधी धोरणाची प्रत. एवढंच.

वकीलीण_बाई

आणि आतापर्यंत दिलेल्या पगाराचा जो काही पुरावा असेल तो आधी गोळा करा. पाकिटं, हजेरीचे फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवरचे 'उद्या लवकर पाठवा' असले निरोप. वापरायची वेळ येऊ नये, पण असू द्या.

चाफेकळी

मेल केला, उत्तरही आलं. एरिया मॅनेजर गुरुवारी भेटतायत. बाबांनी नारायणकाकांचा प्रतिसाद दोनदा वाचला, मग पेन्शनची फाइल काढून बसले आणि काल रात्री म्हणाले, "पगारपत्रकावर घ्या म्हणून सांग." आई अजून कार्यशाळेवर ठाम आहे. गुरुवारी कोणी कोणी जावं? बंड्याला न्यायचं का?

पाटीपेन्सिल

न्यायचंच. नोकरी त्याची आहे. आईबाबा दोघांनी जाऊ नका, आई रडली की ते 'बघतो' म्हणतात आणि बघत नाहीत. तुम्ही, बंड्या आणि त्याच्या शाळेतलं कोणीतरी. शाळेतून दोन आठवडे कोच पाठवायची तयारी लेखी घेऊन जा, त्याने समोरच्याची निम्मी भीती जाते. आधी घरी सराव करा: आत गेल्यावर नमस्कार, खुर्चीत बसायचं, काय काम करतोस विचारलं तर तीन कामं सांगायची. आणि बिस्किटांचं विचारलं तर काय म्हणायचं, तेही ठरवून जा.

चाफेकळी

विचारलं त्याला आत्ताच. म्हणतो, "जुना आहे तर जुनाच सांगणार ना."

मिठाचा_खडा

दुकानाचं नाव व्यनि (खासगी निरोप) करा. बिस्किटं तिथूनच घेत जाईन, मागच्या रांगेतली.